अब्बा आला

मुलीनं मला पहिल्यांदा समोर पाहिलं आणि असा काही टाहो फोडला की पलीकडच्या वाडीतली कुत्री भुंकायला लागली. मी बॅगा हातात घेऊन तसाच अंगणात उभा. बायको तस्नीम तिला थोपटतेय, माझी अम्मा "अरे, अब्बा हाय तो, अब्बा" म्हणून समजावतेय, आणि आफरा बाई मान वळवून आईच्या ओढणीत घुसलेल्या. दोह्याहून येताना विमानात, टॅक्सीत, माणगावला चहा पिताना, सगळ्या वाटेवर मी याच क्षणाचे मनात मांडे खात आलो होतो.

आफरा झाली तेव्हा कंपनीनं रजा दिली नव्हती. दिली तेव्हा ती चालायला लागली होती. मधल्या काळात मी फोनवर तोंड दाखवायचो, पण आमच्या गावचं नेटवर्क मुलखाचं लहरी. माझं अर्धं तोंड यायचं आणि तिथंच अडकायचं, आणि आफराला बापापेक्षा फोन चाटण्यात जास्त रस होता.

"सवय नाय तिला अजून," अम्मा म्हणाली. "दमानं घे."

मी दमानं घेतलं. आठवडा गेला, पण मी खोलीत शिरलो की ती खोलीतून निघायला बघायची. बोलणारी बाहुली आणली होती, तिला बघून रडली. चॉकलेट माझ्या हातून घेतलं नाही, तेच तस्नीमनं दिल्यावर कागदासकट तोंडात घातलं. मला राग लवकर येतो. साहेबावर येतो, रस्त्यावर येतो, आमटीत मीठ कमी असलं तरी येतो. पण सव्वा वर्षाच्या पोरीवर राग काढायचा कसा? तो मग आत साठत राहतो.

मला एकच हवं होतं. रजा संपायच्या आत तिनं आपणहून माझ्याजवळ यावं आणि मला अब्बा म्हणावं. पुढची रजा दोन वर्षांनी. तोवर तिला बोलता येईल, चार लोक तिला सांगतील की हा तुझा बाप, आणि ती म्हणेल. ते शिकवलेलं असेल. मला न शिकवलेलं हवं होतं.

हे मी एकदा बावांपुढे बोलून बसलो. बावा म्हणजे माझे वडील, करमअली. त्यांची सगळी जिंदगी जहाजावर गेली. ते बाकड्यावर सुपारी कातरत होते.

"तू मला मामू म्हनायचास," ते म्हणाले.

"मंग?"

"मंग काय. मोटा झालास. लोकांनी सांगितलं, म्हनायला लागलास."

त्यांनी हे इतक्या सहज सांगितलं की मला त्यांचाच राग आला. माणसानं इतकंही समजूतदार होऊ नये.

त्या दिवशी माळ्यावर काहीतरी शोधताना माझी गाडी सापडली. लग्नाआधी मला रिमोटच्या गाड्यांचं वेड होतं. खेळण्यांच्या दुकानात टांगलेल्या असतात त्या नव्हेत. ही सुटे भाग जोडून बनवलेली, हातभर लांब, चारही चाकांना मोटरची ओढ असलेली आणि वाळूच्या टेकाडावरून उडी मारून पुन्हा चाकांवरच पडणारी. दोह्याला आम्ही चार-पाच जण एसी दुरुस्तीवाले आठवडाभर दुसऱ्यांची यंत्रं उघडायचो आणि जुम्म्याच्या सकाळी नमाजाआधी शहराबाहेर जाऊन स्वतःच्या गाड्या वाळूत पळवायचो. लग्न ठरलं तेव्हा मीच ती गुंडाळून इथं आणून टाकली. आता संसार करायचा, पोरकटपणा पुरे, असं मला वाटलं होतं. बाप झाल्यावर तीच पुन्हा खाली काढतोय हे बघून तस्नीम तोंडाला ओढणी लावून हसली.

"तुमच्यासाठी काडलीत का तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी," मी म्हणालो. खरं तर दोघांसाठी.

खाऱ्या हवेनं गाडीचे हाल झाले होते. स्क्रू गंजलेले, बेअरिंग जाम, बॅटरी पावासारखी फुगलेली. अशी बॅटरी घरात ठेवणं म्हणजे विस्तवाशी खेळ, म्हणून तिची आधी विल्हेवाट लावली. नवी बॅटरी मुंबईहून मागवली आणि म्हसळ्याला जाऊन घेऊन आलो. पडवीत चादर अंथरली, अम्माच्या शिवणयंत्राचं तेल घेतलं आणि बसलो. आफरा दाराच्या चौकटीला धरून बघत होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. मांजर जवळ यावं म्हणून आपण जसे दुसरीकडे बघत बसतो, तसा बसलो. थोड्या वेळानं ती पाय ओढत आली, चादरीवरचं एक चाक उचललं आणि माझ्याकडे पाठ करून तिथंच बसली. तिच्या डोक्याला लावलेल्या खोबरेलाचा वास मला येत होता. माझी मुलगी इतकी जवळ बसलीय आणि रडत नाहीय, या आनंदात माझ्या हातातला स्क्रू कुठं गेला ते पुढं दोन दिवस सापडलं नाही.

गाडी अंगणात सोडली तेव्हा तिचा वेग मी इतका कमी करून ठेवला होता की कोंबडीही पुढे जावी. न जाणो, पोरीच्या पायाला लागली तर. गाडी गुरगुरत निघाली, आफराच्या पुढ्यात जाऊन थांबली, मी गाडीचं तोंड जरा डावीकडे, जरा उजवीकडे हलवलं. आफरा आधी दचकली. मग हसली. माझ्या मुलीचं हसणं मी पहिल्यांदा समोर ऐकलं, आणि मला वाटलं, झालं, जमलं.

मी उठून तिच्याकडे गेलो तर भोंगा सुरू.

मग मी एक युक्ती केली. अंगणाच्या त्या टोकाला दगड रचून केलेला गडगा आहे, त्याच्यावर जाऊन बसायचं आणि तिथून गाडी तिच्याकडे पाठवायची. मी लांब, गाडी जवळ. ती गाडीमागे धावायची, गाडी तिच्यामागे. गाडीच्या टपावर रबरानं बिस्किट अडकवून मी पाठवायचो, ती ते काढून खायची आणि रिकाम्या टपावर थापटी मारायची, म्हणजे आणखी आण. मी आणखी पाठवायचो. अम्मा स्वैपाकघराच्या दारातून ओरडायची, "आफरा, बग कोन आला! अब्बा आला! अब्बा बिस्कुट घेऊन आला!"

दोन दिवसांत घरभर तेच सुरू झालं. पडवीच्या पायरीशी गाडी टेकली की तस्नीम म्हणायची, अब्बा आला. सुपारी कातरता कातरता बावा म्हणायचे, उठ, तुजा अब्बा आला. शेजारची माणसं गडग्यावरून डोकावून विचारायची, काय गो, आला का अब्बा? गडग्यावर बसून ते ऐकताना माझी छाती फुगायची. मुलीच्या कानावर दिवसातून शंभर वेळा माझं नाव पडत होतं आणि दर वेळी ती हसत होती. इतका सुखात मी कधी नव्हतो. हातातल्या रिमोटच्या दोन दांड्यांनी मी माझ्या मुलीशी बोलत होतो. तिनं तोंड फिरवलं की गाडी रुसून मागं जायची. तिनं हात केला की हळूच पुढं यायची. ती पडली की गाडी तिथल्या तिथं थांबून राहायची. दोह्यातल्या कुठल्याही शर्यतीत मी इतकं जपून चालवलं नव्हतं.

बॅटरी संपत आली की गाडी मंदावते. या बॅटऱ्यांचा एक नियम आहे आणि गाडीवाला तो मोडत नाही. गाडीतच ठेवून चार्ज करायची नाही. वरचं झाकण काढायचं, बॅटरी बाहेर घ्यायची आणि पोराबाळांपासून लांब, दार लावून, स्वतः समोर बसून चार्ज करायची. घरात लहान मूल म्हटल्यावर मी तर जास्तच काळजी घेत होतो. रोज संध्याकाळी गाडी मंदावली की मी गडग्यावरून उतरायचो, आफरासमोर गाडी उचलायचो, झाकण काढायचो आणि मागच्या खोलीत जाऊन कडी लावायचो. आफरा दारावर थापा मारून रडायची. मी आतून म्हणायचो, "आनतो गो, आनतो, उद्या आनतो." गाडीसाठी रडतेय म्हणून मला बरंच वाटायचं.

रजेचे थोडे दिवस उरले होते तेव्हा मी श्रीवर्धनला मासळी आणायला गेलो होतो. कोळणीशी सुरमईवरून घासाघीस चाललेली, तेवढ्यात तस्नीमचा फोन. ती इतकी ओरडत होती की आधी मी घाबरलो.

"बोलली! ऐकताव का? अब्बा बोलली! दोनदा बोलली!"

सुरमई तिथंच राहिली. मोटरसायकल कशी चालवली ते मला आठवत नाही. वळणावळणाला मी स्वतःशीच मोठ्यानं अब्बा, अब्बा म्हणत होतो, मुलीच्या आवाजात. घरी पोचलो तर अम्मानं सांदणं वाफेला लावली होती आणि गुळाचा वास अंगणापर्यंत आला होता. सगळे पडवीत जमलेले. आफरा तस्नीमच्या मांडीवर. मी हातसुद्धा धुतले नाहीत, पायरीवर गुडघे टेकले.

"बोल, आफरा," तस्नीम म्हणाली. "अब्बा कुटं हाय? दाव बरं."

आफरा मांडीवरून उतरली. डुलत डुलत माझ्या दिशेनं आली. मी हात पुढे केले. ती माझ्या हाताच्या बाजूनं गेली, बाकड्याखाली वाकली, आणि तिथं ठेवलेल्या गाडीच्या टपावर तिनं हात ठेवला.

"अब्बा," ती म्हणाली. स्पष्ट म्हणाली. आणि टपाला गाल लावला.

सगळे हसले. मीही हसलो. मग तस्नीमचं हसू थांबलं, मग अम्माचं, आणि मी एकटाच जरा वेळ हसत राहिलो.

मी छातीवर हात ठेवून म्हणालो, "अब्बा. मी. मी अब्बा." तिनं माझ्या हाताकडे पाहिलं. तो हात तिच्या ओळखीचा होता. तिनं घाईघाईनं गाडी ओढून आपल्या पाठीमागे घेतली आणि दोन्ही तळव्यांनी मला ढकललं. "नाय! अब्बा! नाय!"

तेव्हा मला एकेक कळत गेलं. गाडी येते तेव्हा माणसं म्हणतात, गाडी आली. आमच्या घरात कुणी एकदाही आली म्हटलं नव्हतं. रोज दिवसभर सगळे म्हणत होते आला, आणि तिच्या पुढ्यात जे यायचं त्यालाच ती समजली. तिचं काय चुकलं? तिचा अब्बा तिच्यामागे धावत होता, तिला खाऊ आणत होता, ती पडली की थांबत होता. आणि मी? लांब गडग्यावर बसणारा एक माणूस, जो रोज संध्याकाळी उतरून येतो, अब्बाला उचलतो, तिच्यादेखत त्याचं पोट उघडतो आणि आत नेऊन कडी लावतो.

माझं डोकं फिरलं. "हे कुनी शिकवलं तिला?" मी अम्मावर ओरडलो. "एवडी सगली मानसं घरात, एकाला पन अक्कल नाय?"

अम्मा सांदणांची थाळी हातात घेऊन तशीच उभी राहिली. "तुज्यासाटीच म्हनत होते रे," ती म्हणाली. "तुजं नाव तिच्या कानावर पडावं म्हनून."

मी गाडी उचलली आणि माळ्यावर टाकून आलो. मला वाटलं, चार दिवस दिसली नाही की विसरेल, आणि मग त्या नावाला दुसरं कुणी उरणार नाही. मीच उरेन. लाज वाटते सांगायला, पण गाडीशी माझं वैर सुरू झालं होतं. लोखंड आणि प्लास्टिकशी.

ती विसरली नाही. सकाळी उठली की बाकड्याखाली वाकून बघायची. खाटेखाली, पिठाच्या डब्यामागे, पाण्याच्या हंड्यामागे. "अब्बा?" जिथं तिथं वाकून हळूच विचारायची, "अब्बा?" मागच्या खोलीच्या दाराशी जाऊन थापटी मारायची आणि ऐकत उभी राहायची. मग दूध प्यायची बंद झाली. अम्मा भात भरवायला गेली की ओठ मिटून घ्यायची. मी दिसलो की रडायचीही नाही, नुसती बघायची. रडली असती तर बरं झालं असतं.

मी स्वैपाकघरात पाणी प्यायला गेलो तेव्हा तस्नीम मोरीशी भांडी घासत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "काडा ती गाडी."

"आनि मी? मी कोन तिचा?"

तिनं हात धुतले, ओढणीला पुसले. "तुमी गेलात की तिनं तुमाला असं घरभर शोदावं, हेच पायजे होतं ना तुमाला? शोदते की. अब्बा म्हनूनच शोदते. तेवडंबी तिच्याकडनं काडून घेताव?"

मी रडलो. मोरीच्या कठड्याला धरून, बायकोसमोर, लहान मुलासारखा हुंदके देऊन रडलो. तिनं माझ्या पाठीवर ओला हात ठेवला आणि तीही रडली. आमचं लग्न झाल्यापासून आम्ही सोबत राहिलेले दिवस मोजायला गेलो तर फार होत नाहीत. त्यातला हा एक.

गाडी खाली काढली. आफरानं तिला घट्ट मिठी मारली, तिच्या चाकांवरून हात फिरवला आणि वाटीभर दूध एका दमात प्यायली.

उरलेले दिवस मी तस्नीमला गाडी चालवायला शिकवलं. मी गेल्यावर ती कुणीतरी चालवायला हवी होती. पहिल्याच फेरीला तिनं गाडी हौदावर घातली.

"ती आपल्याकडं यायला लागली की डावं-उजवं उलटं होतं," मी सांगितलं. "तू लांब उभी हायस असं समजू नको. गाडीत बसलीस असं समज. तिथनं बग."

"म्हंजे अब्बाच्या डोल्यांनी बगायचं," ती म्हणून गेली आणि तिनं जीभ चावली.

"व्हय," मी म्हणालो. "तसंच."

तिचा हात चांगला होता, लवकर शिकली. पोरगी पडली की थांबायचं, रुसली की मागं घ्यायचं, हात केला की हळू पुढं न्यायचं, सगळं मी तिला दाखवलं. बॅटरीचा नियम समजावला आणि बजावलं की झाकण आफरासमोर उघडायचं नाही, ती झोपल्यावरच उघडायचं. एका सकाळी गडग्यावर तस्नीम बसली आणि मी पडवीतून बघत राहिलो. आफरा तशीच धावली, तशीच हसली, टपावर तशीच थापटी मारली. चालवणारं माणूस बदललं हे तिला कळलंच नाही. ज्याची मला भीती होती ते इतक्या बिनबोभाट झालं की मला त्याचा त्रासही नीट करून घेता आला नाही.

जायच्या दिवशी टॅक्सी सकाळीच आली. बावांनी डोक्यावर हात ठेवून दुवा केली. प्रवास सुखरूप व्हावा म्हणून अम्मानं दंडाला इमाम जामिन बांधला. तस्नीमशी रात्रीच सगळं बोलून झालं होतं. आफरा पडवीच्या पायरीवर बसली होती, मांडीत गाडी. मला बॅग घेऊन येताना बघितलं आणि तिचा चेहरा पडला. तिनं दोन्ही हातांनी गाडी पोटाशी धरली आणि अंग चोरून भिंतीला टेकली. तिला वाटलं, मी गाडीला न्यायला आलो.

मला तिचा एक मुका घ्यायचा होता. तेवढ्यासाठी मी आदल्या दिवशी दाढी गुळगुळीत करून ठेवली होती. पण मी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर ती किंचाळली असती, आणि मला तो आवाज कानात घेऊन जायचा नव्हता. मी लांबूनच खुदा हाफिज म्हटलं आणि फाटकाकडे वळलो.

"आफरा, टाटा कर," अम्मा मागून म्हणत होती. "टाटा कर बगू."

टॅक्सीचं दार उघडून मी मागे वळून बघितलं. आफरा वाकून माझ्या हातांकडे बघत होती. एका हातात बॅग, दुसरा रिकामा. तिनं मांडीतल्या गाडीकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला. माझ्याकडे बघून ती हसली, सगळे चिमुकले दात दाखवून हसली, आणि गाडीवरचा एक हात उचलून मूठ उघड-मीट करत मला टाटा करायला लागली.

अम्माला तर भरूनच आलं. "बग, बग! टाटा करते!" ती तिथूनच ओरडली. "ओलखते रे तुला! ओलखाया लागली!"

"व्हय अम्मा," मी म्हणालो. "ओलखते." आणि टॅक्सीत बसलो.